संगणक आणि फाजील विश्वास

जबलपूर म्हटले की मराठी वाचकाला भेडाघाटचे संगमरवरी कडे आठवतात. इतिहासाची आवड असलेल्याला हेही आठवते की १७९८ ते १८१७ या काळात हे शहर नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. भोसल्यांनंतर तेथे कंपनी सरकारचा अंमल सुरू झाला आणि १८३० नंतरच्या दशकात विल्यम स्लीमन या अधिकाऱ्याने ठगांच्या बंदोबस्ताचे काम याच शहरातून चालविले. पकडलेल्या ठगांपैकी ज्यांना माफीचे साक्षीदार करण्यात आले त्यांच्या जबान्या त्याने लिहून घेतल्या, त्यांच्या सांकेतिक बोलीचा कोश तयार केला आणि तो १८३६ मध्ये प्रसिद्ध केला. कंपनीच्या अधिकाऱ्यांनी ठगीचे जे चित्र रंगविले त्यात अतिशयोक्ती किती, याविषयी इतिहासकारांत आजही एकमत नाही. परंतु या जबान्यांतून दिसणारी एक गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने फार बोलकी आहे.

ठग वाटसरूवर एकाएकी झडप घालीत नसे. तो आधी त्याच्याशी ओळख करून घेई. अंगावर सभ्य पोशाख, तोंडी अदबीची भाषा, सोबत आणखी चारपाच प्रतिष्ठित दिसणारे प्रवासी. पुढचा रस्ता धोक्याचा आहे, चोरांचे भय आहे, तेव्हा सर्वांनी मिळून जावे हे बरे, असे तो सुचवी. वाटसरू ही सोबत पत्करी ती काळजीपोटीच. मग दोनचार मुक्काम एकत्र होत, गप्पा रंगत, मनातली भीती ओसरे, आणि ती पुरती ओसरली की रुमालाचा फास पडे. चोरांना भिऊन जो एकटा, सावधपणे चालत राहिला, त्याच्यापेक्षा आपण आता सुरक्षित आहोत असे ज्याला वाटू लागले, तोच अधिक संकटात होता.

संगणकात शिरणाऱ्या उपद्रवी आज्ञावलींचा, म्हणजे ज्यांना आज सर्वत्र मालवेअर म्हणतात त्यांचा विचार करताना यंत्राची रचना समजून घेणे आवश्यक आहेच. पण यंत्रासमोर बसलेल्या माणसाच्या मनातील निर्धास्तपणा समजून घेणे त्याहून अधिक आवश्यक आहे. कारण या आज्ञावली पुष्कळदा त्याच वाटेने आत येतात.

जबलपुरातच रामपूर भागात शक्तिभवन ही इमारत आहे. मध्य प्रदेशच्या वीजव्यवस्थेचा मोठा कारभार येथून चालतो. मे २०२३ मध्ये मध्य प्रदेश पॉवर मॅनेजमेंट कंपनीच्या अंतर्गत संगणकव्यवस्थेवर रॅन्समवेअरचा, म्हणजे खंडणीखोर आज्ञावलीचा हल्ला झाला. या प्रकारची आज्ञावली संगणकातील काहीही चोरून नेईलच असे नाही. ती तेथील कागदपत्रांना गणिती कुलूप घालते आणि किल्लीसाठी पैसे मागते. कागदपत्रे जागच्या जागी असतात, पण कोणालाही वाचता येत नाहीत. त्याच्या सहा महिने आधी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर असाच हल्ला झाला होता आणि देशातील त्या अग्रगण्य रुग्णालयाला नोंदणीपासून तपासण्यांपर्यंतचे काम कित्येक दिवस कागद-लेखणीने करावे लागले होते.

खंडणीची ही रीत वाटते तेवढी नवी नाही. १९८९ मध्ये टपालाने सुमारे वीस हजार फ्लॉपी चकत्या निरनिराळ्या देशांत पाठविण्यात आल्या. त्यांवर एड्स या रोगाविषयी माहिती असल्याचे लिहिले होते, आणि ती माहिती खरोखरच त्यांत होती. चकती संगणकात घातल्यावर काही काळ सर्व सुरळीत चाले; यंत्र सुमारे नव्वद वेळा सुरू केल्यानंतर मात्र आतील माहितीची नावे गायब होत आणि पनामातील एका टपालपेटीच्या पत्त्यावर १८९ डॉलर पाठविण्याची सूचना पडद्यावर येई. या चकत्या ज्यांच्या हाती पडल्या त्यांत जागतिक आरोग्य संघटनेच्या एड्सविषयक परिषदेला गेलेली मंडळीही होती. विषय आपल्या अभ्यासाचा, टपाल आपल्या नावाचे. मग शंका कशाची घ्यावी?

विद्वत्ता येथे कितपत कामी येते, याची परीक्षा त्याच्याही आधी झाली होती. नोव्हेंबर १९८३ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात फ्रेड कोहेन या संशोधक विद्यार्थ्याने रीतसर परवानगी घेऊन एक प्रयोग केला. अनेकजण एकाच वेळी वापरीत असलेल्या एका मोठ्या संगणकावर त्याने एक उपयुक्त आज्ञावली सर्वांसाठी ठेवली. तिच्या पोटात स्वतःच्या प्रती काढून इतर आज्ञावलींना चिकटविणारा एक छोटा भाग दडविलेला होता. असे पाच प्रयत्न झाले. पाचही वेळा एका तासाच्या आत संगणकाचे सर्वाधिकार त्या दडलेल्या भागाच्या हाती गेले; सरासरी वेळ अर्ध्या तासाहून कमी, आणि एकदा तर पाच मिनिटेही लागली नाहीत. याहून लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की हल्ला चालू आहे हे ज्यांना ठाऊक होते, त्यांच्याही आज्ञावली दूषित झाल्या. निष्कर्ष जाहीर होताच त्या यंत्राच्या व्यवस्थापकांनी काय केले? आपल्या यंत्रावर सुरक्षिततेचे आणखी प्रयोग करू द्यायचे नाहीत, असा निर्णय त्यांनी घेतला. ताप मोजला म्हणून तापमापकाला बाहेर काढावे, तसाच हा प्रकार होता.

कोहेनने पुढे एक तर्कशुद्ध सिद्धता मांडली. ती गणिताची विशेष माहिती नसलेल्या वाचकालाही समजण्यासारखी आहे. समजा, कोणतीही आज्ञावली विषाणू आहे की नाही हे कधीही न चुकता सांगणारा एक परिपूर्ण परीक्षक आपण तयार केला. आता एक लबाड आज्ञावली लिहू. ती प्रथम त्या परीक्षकालाच विचारते, 'मी विषाणू आहे काय?' परीक्षकाने 'होय' म्हटले, तर ती काहीही न करता स्वस्थ बसते. त्याने 'नाही' म्हटले, तर ती लगेच पसरू लागते. परीक्षकाने कोणतेही उत्तर दिले तरी ते चुकणारच. याचा अर्थ, परिपूर्ण परीक्षक असूच शकत नाही. मागाहून कोणी अधिक हुशार अभियंता येईल आणि ही अडचण दूर करील, अशी आशा येथे करता येत नाही.

यावरून विषाणूरोधक आज्ञावली निरुपयोगी ठरतात असे मात्र नव्हे. परिपूर्ण औषध नसते म्हणून कोणी औषध घेणे सोडत नाही. ज्ञात विषाणूंच्या खुणांची यादी बाळगून प्रत्येक आज्ञावली तिच्याशी ताडून पाहणे आणि जोडीला संशयास्पद वर्तनावर नजर ठेवणे, हे काम त्या चोख करतात. पुण्यात १९९० नंतरच्या दशकात कैलास आणि संजय काटकर या बंधूंनी दुरुस्तीच्या लहानशा दुकानापासून आरंभ करून विषाणूरोधक आज्ञावलींचा जो व्यवसाय उभारला, तो आज क्विक हील या नावाने ओळखला जातो. दुरुस्तीला येणारी यंत्रे विषाणूंनी बिघडलेली असतात, हे त्यांच्या ध्यानात आले ते याच कामातून. खुणांच्या यादीची मर्यादा एवढीच की यादीत नाव चढण्यापूर्वी कोणाला तरी तो विषाणू भेटलेला असावा लागतो. तो पहिला 'कोणीतरी' आपण नसूच, असे प्रत्येकजण गृहीत धरून चालतो.

हे गृहीत कितपत खरे आहे, हे पाहण्यासाठी माँट्रियलच्या काही संशोधकांनी औषधांच्या चाचणीसारखी एक चाचणी घेतली. तिचा अहवाल २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पन्नास व्यक्तींना विषाणूरोधक आज्ञावली बसविलेले संगणक देऊन चार महिने नेहमीप्रमाणे वापरू दिले आणि मधूनमधून ते तपासले. साधारण पाचांतील एकाच्या यंत्रात त्या पहारेकऱ्याच्या नजरेतून सुटलेली उपद्रवी आज्ञावली आढळली. आणि आपल्याला संगणकाचे चांगले ज्ञान आहे असे जे स्वतः सांगत होते, त्यांना धोका कमी नव्हता, उलट जास्त होता. पन्नास ही संख्या लहान आहे, तेव्हा या निष्कर्षावर फार मोठी इमारत उभारू नये. पण पट्टीचे पोहणारेच खोल पाण्यात जातात, हे आपल्याकडच्या प्रत्येक नदीकाठच्या गावाला माहीत आहे.

जाणकार आणि सामान्य वापरकर्ता यांच्या सवयींत फरक असतो तो कोठे, याचे उत्तर गूगलच्या संशोधकांनी २०१५ मध्ये केलेल्या पाहणीत मिळते. सुरक्षिततेसाठी तुम्ही मुख्यतः कोणत्या तीन गोष्टी करता, असा प्रश्न त्यांनी २३१ तज्ज्ञांना आणि २९४ सामान्य वापरकर्त्यांना विचारला. सामान्यांपैकी शेकडा ४२ जणांनी विषाणूरोधक आज्ञावलीचे नाव घेतले. तज्ज्ञांपैकी फक्त शेकडा ७ जणांनी. याउलट संगणकातील आज्ञावली वेळच्या वेळी अद्ययावत करणे ही गोष्ट शेकडा ३५ तज्ज्ञांनी सांगितली, तर सामान्यांपैकी केवळ शेकडा २ जणांनी. एकाने दाराशी रखवालदार ठेवला आहे. दुसरा भिंतीची भगदाडे बुजवीत बसला आहे.

भगदाडे न बुजविण्याची किंमत मे २०१७ मध्ये साऱ्या जगाने मोजली. वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर आज्ञावलीने त्या महिन्याच्या १२ तारखेपासून सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक ठप्प केले. आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांचे आणि पश्चिम बंगालमधील वीज कचेऱ्यांचे काही संगणक तिच्या तावडीत सापडले. ती ज्या छिद्रातून आत येत होती ते बुजविण्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च रोजीच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी, उपलब्ध करून दिली होती. ज्यांचे चालले होते त्यांनी ती बसविली नव्हती. चालत्या यंत्राला हात कशाला लावा, हा विचार तसा शहाणपणाचाच असतो; सुतारकामाच्या करवतीला किंवा पाण्याच्या पंपाला तो लागूही पडतो. पण करवतीचे दोष कोणी बाहेरून शोधत बसलेले नसते.

आपले यंत्रच वेगळ्या जातीचे आहे, त्याला रोग होत नाही, अशी समजूत करून घेणाऱ्यांचा वर्गही मोठा आहे. अॅपलचे मॅक किंवा लिनक्स वापरणाऱ्यांत तो विशेषेकरून आढळतो. वस्तुतः घरगुती संगणकांवर मोकळेपणी पसरलेला पहिला विषाणू १९८२ मध्ये निपजला तो अॅपलच्याच यंत्रावर, आणि तो लिहिणारा मुलगा होता पंधरा वर्षांचा. लिनक्स ज्या युनिक्स कुळातून आले, त्या कुळातील यंत्रांवर २ नोव्हेंबर १९८८ रोजी सुटलेल्या एका आज्ञावलीने त्या वेळच्या इंटरनेटचा सुमारे दहावा हिस्सा लंगडा केला. २०१२ च्या एप्रिलमध्ये फ्लॅशबॅक नावाच्या आज्ञावलीने सहा लाखांहून अधिक मॅक यंत्रे ग्रासली. येथेही दुरुस्ती इतरांसाठी फेब्रुवारीतच झाली होती. मॅकसाठी ती यायला एप्रिल उजाडला. मॅकला विषाणू लागत नाहीत अशा अर्थाचे वाक्य अॅपलच्या जाहिरातीत तोवर असे. त्याच वर्षी जूनमध्ये ते काढून त्या जागी यंत्राची घडणच सुरक्षित आहे असे मोघम वाक्य घालण्यात आले. या बदलाचा गाजावाजा अर्थातच कोणी केला नाही.

लिनक्सची गोष्ट अधिक विचारप्रवर्तक आहे. ज्याची अंतर्गत रचना सर्वांना खुली, त्यात दोष लपून राहणार नाही, हा लिनक्सवाल्यांचा विश्वास पुष्कळ अंशी योग्यही आहे. मार्च २०२४ मध्ये माहिती दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड नावाच्या उपकरणात चोरवाट ठेवलेली सापडली. ती ठेवणाऱ्याने दोन वर्षांहून अधिक काळ त्या कामात मनापासून मदत करून मूळ रखवालदाराचा विश्वास संपादन केला होता. स्लीमनच्या साक्षीदारांनी ही कामगिरी चटकन ओळखली असती. चोरवाट उघडकीस आली ती अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्रात प्रवेश करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक का लागतो, हे कोडे पडले म्हणून. अर्ध्या सेकंदाची दखल घेणारे डोळे जगात किती असतील?

आता 'आमच्यासारख्या सामान्य माणसाच्या वाटेला कोण जाणार?' या प्रश्नाकडे वळू. अमेरिकेतील संशोधक रिक वॉश यांनी ३३ सामान्य वापरकर्त्यांशी सविस्तर बोलून २०१० मध्ये असे दाखवून दिले की संगणकचोर कोण असतो याविषयी लोकांच्या मनात निरनिराळ्या कल्पना असतात, आणि ज्याची जशी कल्पना तशी त्याची वागणूक. चोर फक्त मोठे मासे पकडतो असे ज्याला वाटते, तो स्वतःच्या घराला कडी घालीत नाही. ही कल्पना मुळातच चुकीची आहे, कारण येथे चोर घर निवडीतच नाही. एक आज्ञावली जगातील प्रत्येक दार ठोठावीत फिरते आणि जे उघडे सापडेल त्यात शिरते. २०१६ मधील मिराई या आज्ञावलीजवळ कारखान्यातून येणाऱ्या ठरावीक परवलीच्या शब्दांच्या साठएक जोड्या होत्या, याहून अधिक काही नव्हते. तेवढ्यावर तिने घरोघरचे, दुकानादुकानांतले कॅमेरे लाखोंनी आपल्या सैन्यात ओढले आणि त्याच वर्षीच्या २१ ऑक्टोबरला अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे बंद पाडली. कॅमेऱ्याच्या मालकाला त्याचा पत्ताही नसतो. त्याच्या दुकानातील चित्रे नेहमीसारखीच दिसत असतात.

शिवाय सामान्य माणसाच्या खिशातच आता बँक आहे. २०२४ पासून भ्रमणध्वनीवर लग्नपत्रिका म्हणून येणाऱ्या फायलींविषयी ठिकठिकाणचे पोलीस इशारे देत आहेत. ही पत्रिका नसते. नावाच्या शेवटी एपीके अशी अक्षरे असलेली ती एक आज्ञावली असते. उघडताच ती आलेले संदेश वाचण्याची परवानगी मागते, आणि ती मिळाली की बँकेचे गुप्त अंक परस्पर पुढे पाठविते. २०२५ मध्ये हिंगोलीतील एका सरकारी कर्मचाऱ्याचे जवळजवळ दोन लाख रुपये अशाच पत्रिकेने नेले. आपल्या समाजात आमंत्रण नाकारणे अप्रशस्त मानले जाते, आणि कोणाचे लग्न हे तरी पाहावे असे कोणालाही वाटते. सापळा रचणाऱ्याने आपल्या चालीरीतींचा अभ्यास किती बारकाईने केला आहे पाहा. त्याहून अधिक निर्लज्ज प्रकार म्हणजे खोटी विषाणूरोधक आज्ञावली. 'तुमच्या संगणकात विषाणू सापडले आहेत' असा लाल अक्षरांतील इशारा पडद्यावर येतो आणि घाबरलेला माणूस स्वतःच्या हाताने, पैसे मोजून, चोराला घरात घेतो. अशा एका जाळ्याविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००८ मध्ये खटला भरला. फसलेल्यांची संख्या दहा लाखांवर होती, आणि २०१२ मध्ये न्यायालयाने १६ कोटी ३० लाख डॉलरचा हुकूमनामा दिला.

मोठ्या संस्थांच्या निर्धास्तपणाचे स्वरूप थोडे निराळे असते. त्या पहारा ठेवतात, पण तो कोठे ठेवावा याची निवड चुकते. ११ ऑगस्ट २०१८ रोजी पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या बाबतीत जे घडले ते या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. पैसे काढण्याच्या यंत्रात कोणी कार्ड सरकविले की 'द्यावेत काय?' असा प्रश्न बँकेकडे जातो आणि एक मध्यस्थ संगणक खात्याची खातरजमा करून होकार अथवा नकार कळवितो. हल्लेखोरांनी उपद्रवी आज्ञावलीच्या साहाय्याने या मध्यस्थाच्या जागी दुसराच तोतया उभा केला. तो कोणालाही काहीही न विचारता होकार देत सुटला. काही तासांतच २८ देशांतून बनावट कार्डांनी सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले, भारतात आणखी अडीच कोटी. दोन दिवसांनी हाँगकाँगच्या एका बँकेत सुमारे १४ कोटी वळते झाले. एकंदर हानी ९४ कोटींहून अधिक. ठेवीदारांच्या खात्यांतून पैसा गेला नाही. हिशेबाच्या मुख्य वह्या शाबूत होत्या. तिजोरीला कुलूप होते, किल्ली सुरक्षित होती, आणि खजिनदाराच्या आवाजात दुसराच कोणी बोलत होता.

बाह्य जगाशी जोडलेलेच नाही ते यंत्र सुरक्षित, हा सर्वांत भक्कम वाटणारा युक्तिवाद. इराणमधील नतांझच्या अणुकेंद्रातील यंत्रे इंटरनेटपासून अलग होती. तरीही २०१० मध्ये उजेडात आलेली स्टक्सनेट ही आज्ञावली तेथे पोहोचली. तिच्या प्रसाराचे एक साधन म्हणजे माणसांनी खिशातून नेलेल्या यूएसबी पट्ट्या. तिची लागण झालेल्या देशांत भारतही वरच्या क्रमांकांत होता. २९ ऑक्टोबर २०१९ रोजी तमिळनाडूतील कुडनकुलम अणुवीज प्रकल्पाने जाहीर केले की प्रकल्पाची नियंत्रणव्यवस्था स्वतंत्र असून बाहेरच्या जाळ्याशी जोडलेली नाही, तेव्हा तिच्यावर संगणकीय हल्ला शक्य नाही. दुसऱ्याच दिवशी न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनने मान्य केले की मालवेअर सापडले ही गोष्ट खरी आहे. ते प्रशासकीय कामाच्या जाळ्यातील एका संगणकात होते, आणि सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या ते ४ सप्टेंबरलाच लक्षात आले होते. अणुभट्टीच्या नियंत्रणव्यवस्थेला झळ लागली नाही, हे महामंडळाचे म्हणणे पहिल्या दिवशीच्या विधानाशी विसंगत नाही. पण 'तेथे सापडले नाही' आणि 'तेथे शक्यच नाही' या दोन विधानांतील अंतर फार मोठे आहे.

उपाय थोडे आणि नीरस आहेत. आज्ञावली अद्ययावत ठेवाव्यात. महत्त्वाच्या माहितीची एक प्रत यंत्रापासून वेगळी काढून ठेवावी. जोडलेल्या अवस्थेत ठेवल्यास खंडणीखोर आज्ञावली तिलाही कुलूप घालते, आणि ती प्रत पुन्हा वाचता येते की नाही हे अधूनमधून पाहावे, कारण बहुतेकांना ते संकटाच्या दिवशीच कळते. रोजच्या कामासाठी सर्वाधिकार नसलेले खाते वापरावे. नवी आज्ञावली परवानगी मागते तेव्हा ती कशासाठी, हे वाचावे. अद्ययावत करण्याच्या मार्गानेच विष आल्याचीही उदाहरणे आहेत. जून २०१७ मध्ये युक्रेनमधील हिशेबाच्या एका आज्ञावलीच्या सुधारित प्रतीतून नॉटपेट्या पसरले आणि त्याने न्हावाशेवा बंदरातील एका टर्मिनलचे कामही थांबविले. तेव्हा यांतील कोणताही उपाय योजून पुन्हा निर्धास्त होता येत नाही.

राहता राहिला प्रश्न कळविण्याचा. फसलेला माणूस गप्प बसतो, संस्थाही बसतात. ठगांच्या काळी गावी न पोहोचलेला वाटसरू वाघाने नेला की तापाने गेला हे घरच्यांना कळत नसे, आणि वर्षानुवर्षांच्या वेगवेगळ्या जबान्या एकत्र मांडल्या तेव्हा कोठे त्यांतील सूत्र दिसले. सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या आदेशानुसार संस्थांना संगणकीय हल्ल्याची माहिती तो लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळविणे बंधनकारक आहे. सामान्य नागरिकासाठी १९३० हा दूरध्वनी क्रमांक आहे. पैसे खात्यातून गेल्याबरोबर या क्रमांकावर कळविले, तर ते हातोहात पुढे सरकण्यापूर्वी मधल्या एखाद्या खात्यात अडविता येण्याचा संभव असतो.